धूर कोणाच्या खाती मांडावा?

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील नई सडक हा वर्दळीचा रस्ता आहे. दिवस मावळला की दुकानांतून दिवे लागतात, पंखे फिरू लागतात, गिऱ्हाइकापुढे कापड उलगडले जाते. कोठे बांधकाम निघाले असेल, तर सिमेंटची पोती व लोखंडी सळ्या येऊन पडतात. या रस्त्यावर कारखान्याचे धुराडे नाही. मग येथील व्यवहाराने हवेत कर्बवायूची, म्हणजेच कार्बन डायऑक्साइडची, भर पडत नाही असे समजावे काय? प्रश्न साधा दिसतो. परंतु राष्ट्राराष्ट्रांत चाललेल्या एका मोठ्या वादाचे मूळ त्यातच आहे.

प्रथम विजेचा विचार करावा. मध्य प्रदेशाच्या पूर्व सीमेवरील सिंगरौली जिल्ह्यात विंध्याचल औष्णिक वीजकेंद्र आहे. त्याचा पहिला संच १९८७ साली सुरू झाला. आज त्याची क्षमता ४,७६० मेगावॅट आहे. तेथील वीज मध्य प्रदेशाबरोबरच महाराष्ट्र, गुजरात, छत्तीसगड व गोवा या राज्यांनाही मिळते. कोळशापासून एक युनिट वीज निर्माण होताना सुमारे एक किलो कर्बवायू बाहेर पडतो. वाहिन्यांच्या जाळ्यात साऱ्या केंद्रांची वीज मिसळत असल्यामुळे अमुक दिव्याची वीज अमुक केंद्राची, असे सांगता येत नाही. तथापि प्रकाश एका ठिकाणी पडतो आणि कोळसा दुसऱ्या ठिकाणी जळतो, हे निश्चित. कर्बवायूचा भार साऱ्या पृथ्वीवर पडतो. राख, धूळ आणि खाणींनी उखडलेली जमीन मात्र सिंगरौलीच्याच वाट्यास येते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या पाहणीत सिंगरौलीची गणना अतिप्रदूषित क्षेत्रांत झाली होती.

कापडाचीही कथा अशीच आहे. ग्वाल्हेरच्या बिर्लानगरात १९२१ साली स्थापन झालेली जियाजीराव कॉटन मिल्स ही गिरणी विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात बंद पडली. शहरावरचा तेवढा धूर ओसरला. परंतु शहराने कपडे घेणे काही थांबविले नाही. देशातील बाजारपेठांना आज सुरत, भिवंडी, इचलकरंजी, भीलवाडा यांसारखी गावे कापड पुरवितात. त्यासाठी लागणारी वीज व वाफ तिकडे निर्माण होते, आणि तिचा धूरही तिकडेच निघतो.

येथे हिशेबाच्या दोन रीती संभवतात. धूर जेथे निघाला त्या प्रदेशाच्या नावे तो लिहावा, ही पहिली. माल ज्याने वापरला त्याच्या नावे लिहावा, ही दुसरी. १९९७ च्या क्योतो करारात पहिलीच रीत धरली गेली. ती सोपी आहे. कारण कोणत्या देशात किती कोळसा व तेल जळाले, हे मोजता येते. दुसऱ्या रीतीसाठी कोणता उद्योग कोणाकडून काय घेतो, याचे कोष्टक मांडावे लागते. या कोष्टकांचे शास्त्र वासिली लिओन्टीफ यांनी घडविले, आणि त्याबद्दल त्यांना १९७३ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

या रीतीने केलेल्या गणनेनुसार, देशोदेशींच्या व्यापारातील मालापायी होणारे कर्बवायूचे उत्सर्जन १९९० साली ४.३ अब्ज टन होते. २००८ साली ते ७.८ अब्ज टन, म्हणजे जगाच्या एकूण उत्सर्जनाच्या चतुर्थांशाहून थोडे अधिक, झाले. श्रीमंत देशांची वही स्वच्छ दिसू लागली, याचे एक कारण हे की त्यांच्या वापरातील बराच माल चीन, भारत यांसारख्या देशांत तयार होत होता.

युरोपीय संघाने १ जानेवारी २०२६ पासून पोलाद, सिमेंट, ॲल्युमिनियम, खते इत्यादी आयात मालावर त्यातील कर्बवायूच्या प्रमाणात आकार लागू केला आहे. त्यामुळे परदेशातील धूर हिशेबात येतो खरा. पण जमा होणारा पैसा युरोपातच राहतो, आणि जेथे भट्टी पेटते तेथील हवा सुधारण्यास तो मिळेलच असे नाही.

म्हणून सारा दोष ग्राहकाच्या माथी मारणेही योग्य नव्हे. उत्पादन करणाऱ्या प्रदेशास मजुरी मिळते, कर मिळतो. भट्टी कशी चालवावी हेही तेथेच ठरते. धुराची जबाबदारी दोघांची आहे, आणि उपायही दोघांच्या हाती आहे. रेवा येथील ७५० मेगावॅटच्या सौर प्रकल्पाची काही वीज दिल्लीची मेट्रो रेल्वे विकत घेते. म्हणजे व्यापाराच्या वाटेने स्वच्छ वीजही दूरच्या गावी जाऊ शकते. मालाच्या किमतीत कापूस, कोळसा, मजुरी आणि वाहतूक धरली जाते. सिंगरौलीसारख्या प्रदेशाने सोसलेल्या हानीची भरपाईही तीत धरली गेली आणि ती त्याच प्रदेशापर्यंत पोहोचली, तरच हा हिशेब पुरा झाला असे म्हणता येईल.