रात्री दोन वाजता कोण असते?
उतारवयाचे नियोजन : लेखांक ६

घरी माणूस ठेवून अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांची सेवा कशी करावी, ब्यूरोकडून येणाऱ्या मावशींची किंवा मामांची पारख कशी करावी, हे गेल्या आठवड्यात पाहिले. पण घर लहान असते, ठेवलेली माणसे टिकत नाहीत, मुले बाहेरगावी किंवा परदेशात असतात. मग शुश्रूषा केंद्राचा विचार सुरू होतो. पुणे, ठाणे, नवी मुंबई, नाशिक या भागांत अशी केंद्रे आता सहज सापडतात. काही बंगल्यांत आहेत, काही इमारतीच्या एखाद्या मजल्यावर, तर काही जुन्या वृद्धाश्रमांच्या आवारात. त्यांतले आपल्या माणसाला कोणते चालेल, हे ठरवायचे कसे?

आधी कायद्याचे पाहू, कारण इथेच पुष्कळांची समजूत चुकते. अमेरिकेत मेडिकेअर आणि मेडिकेड या सरकारी योजनांचे पैसे घेणाऱ्या नर्सिंग होमची सरकारी पथकाकडून पूर्वसूचना न देता तपासणी होते. दोन तपासण्यांमध्ये १५ महिन्यांहून अधिक अंतर चालत नाही. २००८ पासून अशा प्रत्येक केंद्राला एक ते पाच तारेही दिले जातात आणि ते कोणालाही पाहता येतात. आपल्याकडे असे काही नाही. १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा आहे, पण त्याची ओळख मुख्यतः खासगी रुग्णालयांचा कायदा अशी आहे. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात निदान १५० निराधार वृद्धांची सोय होईल अशा वृद्धाश्रमांची तरतूद आहे. खासगी केंद्रांची नोंदणी आणि त्यांच्यासाठी किमान दर्जा ठरवणारे दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले. पुढे २०२४ मध्ये ती लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयकही बारगळले.

म्हणून केंद्रात पहिला प्रश्न विचारायचा तो नोंदणीचा. संस्था न्यास किंवा कंपनी म्हणून नोंदलेली असणे वेगळे आणि शुश्रूषागृह म्हणून नोंदलेली असणे वेगळे. भिंतीवर फ्रेम करून लावलेले प्रमाणपत्र नेमके कशाचे आहे, ते वाचा.

दुसरा कागद अग्निसुरक्षेचा. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार आगविरोधी यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे ‘नमुना ब’ प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावे लागते. शेवटचे प्रमाणपत्र कोणत्या महिन्याचे आहे, ते विचारा. २०२१ या एकाच वर्षात भंडारा, विरार आणि अहमदनगर येथील रुग्णालयांना आगी लागल्या. त्यांत बळी गेले ते स्वतः उठून बाहेर पडू न शकणारे: नवजात बाळे आणि अतिदक्षता विभागातले रुग्ण. अंथरुणावरच्या वृद्धांचेही तसेच. वरच्या मजल्यावरच्या केंद्रात लिफ्ट बंद असताना माणसाला खाली कसे आणणार, आणि आणणारे हात किती, हे विचारून घ्या.

आता मुख्य मुद्दा. खोली पाहून, बाग पाहून, जेवणाचा तक्ता पाहून केंद्राची पारख होत नाही. पारख होते ती तिथल्या माणसांच्या संख्येवरून, आणि संख्या विचारायची ती रात्रीची. दिवसा व्यवस्थापक असतात, सिस्टर असतात, डॉक्टरांची फेरी होते. रात्रपाळीला मात्र एखादी मावशी आणि एखादा मामा, एवढेच उरू शकतात.

साधा हिशेब करू. स्वतः कूस बदलू न शकणाऱ्या माणसाची कूस सर्वसाधारणपणे दर दोन तासांनी बदलावी लागते. कूस बदलायची, पाठीला उशी लावायची, ओले झाले असेल तर डायपर आणि चादर बदलायची, यासाठी माणशी सहा मिनिटे धरा. असे २० जण असतील तर १२० मिनिटे, म्हणजे दोन तास तिथेच संपले आणि लगेच पहिल्यापासून सुरुवात. मध्ये कोणाला पाणी हवे असेल, कोणी पडले, कोणाला धाप लागली, तर वेळ कुठला? शिवाय जड माणसाला वळवायला दोघे लागतात. ‘आम्ही दर दोन तासांनी पोझिशन बदलतो’ असे कोणी सांगितले, की रात्रीची माणसे आणि खिळलेले वृद्ध यांचे आकडे विचारा आणि तिथल्या तिथे हा हिशेब मांडा.

सिस्टर म्हणून जी व्यक्ती आहे ती जीएनएम आहे की एएनएम, तिची महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी आहे का, हेही विचारावे. रात्री इन्शुलिन देणे, नाकातल्या नळीतून आहार देणे ही कामे कोण करते, या प्रश्नाचे उत्तर सरळ आले पाहिजे.

कूस बदलली जात नसेल तर ते अंगावर दिसते. माकडहाड, खुबे आणि टाचा या जागी हाडावर मांस कमी असते. तिथे दाब पडत राहिला की कातडीचा रक्तपुरवठा तुटतो आणि जखम होते. सुरुवातीची खूण म्हणजे बोटाने दाबले तरी न जाणारी लाली. सावळ्या अंगावर ही लाली चटकन कळत नाही. म्हणून ती जागा आजूबाजूपेक्षा गरम, कडक किंवा दुखरी लागते का, हे हाताने पाहावे. हवेची गादी घातली म्हणून कूस बदलण्यातून सुटका होत नाही. केंद्रात विचारा, ‘आत्ता किती जणांना बेडसोर आहेत, आणि त्यांपैकी इथे आल्यावर किती जणांना झाले?’ आकडा सांगणाऱ्या केंद्रात निदान कोणीतरी मोजत असते.

पडण्याचेही असेच. ‘आमच्याकडे आजवर कोणी पडले नाही’ हे उत्तर ऐकून सावध व्हा. चालते-फिरते वृद्ध असतील तिथे कोणी ना कोणी पडणारच. पडल्याची नोंद कुठे होते, डॉक्टरांना आणि घरच्यांना किती वेळात कळवतात, आणि त्यानंतर काय बदलले, हे महत्त्वाचे. न्हाणीघरात कमोडच्या दोन्ही बाजूंना दांडे आहेत का, फरशी कोरडी राहते का, रात्री वाटेवर दिवा असतो का, हे स्वतः आत जाऊन पाहा.

नोंदवह्यांमध्ये वजनाची वही जरूर मागा. महिन्याभरात पाच टक्के वजन घटणे ही धोक्याची खूण मानतात. ५० किलोच्या आजींचे अडीच किलो कमी झाले, तर त्याचे कारण शोधायला हवे. भरवायला कोणी नसते, कवळी बसत नाही, किंवा गिळताना ठसका लागतो म्हणून त्या ताट सरकवतात, यांपैकी काहीही असू शकते. नळीतून आहार देताना डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश उचललेली हवी आणि नंतरही काही वेळ तशीच राहायला हवी. नाही तर आहार श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. लघवीची पिशवी मूत्राशयाच्या पातळीखाली असावी, पण जमिनीवर टेकलेली नसावी. भेटीला गेल्यावर एवढे तर कोणालाही दिसू शकते.

एक प्रश्न अवघड वाटला तरी विचाराच. ‘रात्री ओरडणाऱ्या, उठून जाणाऱ्या माणसाचे तुम्ही काय करता?’ हात बांधणे आणि गुंगीची गोळी देणे ही दोन उत्तरे स्वस्त पडतात, कारण त्यांना माणसे कमी लागतात. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांना मनोविकारावरची काही औषधे दिल्यास मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २००५ मध्येच दिला आहे. ही औषधे कधीच देऊ नयेत असे नाही. पण ती कोणत्या डॉक्टरांनी लिहून दिली, घरच्यांना विचारले का, आणि बंद कधी करणार, याची नोंद हवी. भरदुपारी सगळे वृद्ध झोपलेले आढळले, तर ती शांतता चांगली समजू नका.

केंद्र निदान दोनदा पाहा. पहिल्यांदा वेळ ठरवून जा. दुसऱ्यांदा न कळवता, सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी जा. तेव्हा कोणाची नखे वाढली आहेत, पाण्याचा पेला हाताला लागेल असा ठेवला आहे का, घंटी वाजवल्यावर किती वेळाने कोणी येते, हे पाहा. भेटीला आलेल्या एखाद्या मुलीशी किंवा सुनेशी फाटकाबाहेर दोन शब्द बोला.

परदेशातल्या मुलांसाठी थोडे वेगळे सांगायला हवे. व्हिडिओ कॉलवर आईचा चेहरा दिसतो, टाचा दिसत नाहीत. इथल्या कोणा नातेवाइकाला आठवड्यातून एकदा आंघोळीच्या वेळी हजर राहायला सांगा. खोलीत कॅमेरा लावून हे साधत नाही, उलट कपडे बदलताना आईची लाज जाते. आणि विम्यावर भिस्त ठेवू नका. भारतातल्या आरोग्य विम्यात उपचाराविना केवळ देखभालीसाठी ठेवल्याचा खर्च साधारणतः वगळलेला असतो, तो सगळा खिशातूनच जातो.

माणूस तिथे राहायला लागल्यावर काही बिघडलेले दिसले, तर ते आधी केंद्रचालकांना लेखी कळवा. दाद मिळाली नाही, किंवा छळाची शंका आली, तर ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. तिथून मार्गदर्शन मिळते.

केंद्र पसंत पडले तरी त्याच दिवशी पैसे भरू नका. कराराचा कोरा नमुना मागून घरी आणा. अनामत परत कधी मिळते, डायपर आणि औषधे मासिक रकमेत धरली आहेत का, माणसाला रुग्णालयात हलवले तर जागेचे पैसे चालू राहतात का, या कलमांखाली पेन्सिलने रेघ ओढून ठेवा. पुढच्या आठवड्यात तो करार कलमागणिक वाचू.