कोरी उजवी बाही

अमेरिकी लष्करात समोरचा सैनिक युद्धावर जाऊन आलाय का, हे सहसा विचारावं लागत नाही. गणवेशाच्या डाव्या बाहीवर सध्याच्या तुकडीचं चिन्ह असतं. उजवीवर, जिच्याबरोबर युद्धक्षेत्रात काम केलं त्या तुकडीचं. इराक-अफगाणिस्तानच्या ऐन धामधुमीत, बरीच वर्षं नोकरी झालेल्या सार्जंटची उजवी बाही कोरी दिसली, की ‘यानं बरोबर अंग काढून घेतलं’ अशी कुजबुज व्हायची. बरेचदा ती अन्यायाचीच असे. कुठे जायचं हे सैनिक थोडंच ठरवतो? कुणी प्रशिक्षण केंद्रात अडकतो, कुणाची तुकडी दक्षिण कोरियात असते. नव्यानं भरती झालेल्या पोराला मात्र कुणी बोल लावत नाही.

गंमत म्हणजे जाऊन आलेल्यांतही उतरंड आहेच. गस्तीवर फिरलेला पायदळवाला, तळाच्या कुंपणाआत राहून हिशेब सांभाळणाऱ्याला फारसा मोजत नाही. पायदळासाठी लढाईचा खास बिल्ला १९४३ पासून होता. शत्रूशी प्रत्यक्ष गाठ पडलेल्या इतर बहुतेकांना तसा बिल्ला मिळायला २००५ उजाडलं. २०२१ मध्ये अफगाणिस्तानातून फौजा परतल्या, तेव्हापासून कोऱ्या बाह्यांचं नवल कमी होत चाललंय.