अपुऱ्या दिवसांची फुप्फुसं

अमेरिकेतल्या स्टॅनफर्डमधले क्ष-किरणतज्ज्ञ विल्यम नॉर्थवे यांनी १९६७ साली एका नव्याच आजाराची नोंद केली. अपुऱ्या दिवसांची, धाप लागलेली बाळं व्हेंटिलेटर आणि भरपूर ऑक्सिजनवर तगत होती; पण त्यांतल्या काहींच्या फुप्फुसांवर व्रण राहत होते. ज्या उपचाराने जीव वाचला, त्यानेच ही इजाही केली होती. आजाराचं नाव ब्रॉन्कोपल्मनरी डिस्प्लेझिया, म्हणजे बीपीडी.

आज बाळाला सरफॅक्टंट, म्हणजे वायुकोश मिटू न देणारं औषध मिळतं, आईला प्रसूतीआधी स्टेरॉइडची इंजेक्शनं मिळतात, व्हेंटिलेटरही जपून लावतात. व्रण कमी झाले. आजार मात्र गेला नाही, कारण आता पंचविसाव्या आठवड्यातली बाळंही जगतात आणि त्यांचे वायुकोश तयारच झालेले नसतात. आता फुप्फुस जखमी होण्यापेक्षा त्याची वाढ खुंटते.

पुढे काय, हा आईबापांचा पहिला प्रश्न. उत्तरात दिलासा आहे. नवे वायुकोश जन्मानंतरही तयार होतात, पहिल्या दोन-तीन वर्षांत तर झपाट्याने. त्यामुळे घरी ऑक्सिजन लावावा लागलेली बहुतेक बाळं पहिल्या-दुसऱ्या वर्षात त्यातून सुटतात. याच काळात साधी सर्दीही छातीत उतरते, पुन्हा दवाखाना गाठावा लागतो. म्हणून पोटभर दूध, वेळेवर लसी आणि वजनावर लक्ष ही औषधाइतकीच मोलाची.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगायला हवी. आपल्याकडे न्हाऊ घातल्यावर बाळाला ओवा-वेखंडाची धुरी देतात. त्यामागची माया खरी, पण या फुप्फुसांना कुठलाच धूर सोसत नाही; उदबत्तीचा नाही, चुलीचा नाही, विडी-सिगारेटचा तर नाहीच.

नॉर्थवे यांनी या आजाराच्या २६ मुलांना पुढे वयाच्या अठराव्या वर्षाच्या आसपास पुन्हा तपासलं. १९९० साली आलेल्या त्या निष्कर्षांनुसार बहुतेकांच्या फुप्फुसांत काही ना काही उणीव होती, तीव्र त्रास मात्र मोजक्यांनाच होता. फुप्फुसांची ताकद विशी-पंचविशीत शिखर गाठते आणि मग हळूहळू उतरते. या मुलांचं शिखरच ठेंगणं, म्हणून उतार लवकर जाणवू शकतो.

त्यासाठी एनआयसीयूचं, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाचं डिस्चार्ज कार्ड जपून ठेवावं. चाळिशीत जिना चढताना धाप लागली, तर डॉक्टर सिगारेटबद्दल विचारतील. कितव्या आठवड्यात जन्म झाला, हे बहुधा आपल्यालाच सांगावं लागेल.