सुई-दोऱ्याची लढाई

आमच्या बचत गटाच्या बैठकीत हप्त्यांच्या आधी एक विषय हमखास निघतो. पोरांचे गेम! "डोळे जातील, डोकं जाईल," असं सगळ्यात मोठ्यानं म्हणणारी मीच. आणि माझ्याच घरात, राहात्याला, लेक चार रात्री एकाच गेमला चिकटून बसलेली पाहिली, तेव्हा मी थेट वायर काढायला गेले.

त्याआधीचं सांगायला हवं. जून २०२५ मध्ये तिचा नीटचा दुसरा निकालही मनासारखा लागला नाही. मग घरात ती फक्त "हं" एवढंच बोलायची. त्या रात्री मात्र म्हणाली, "आई, पाच मिनिटं बस ना इथं." बसले.

गेमचं नाव 'हॉलो नाइट: सिल्कसाँग'. ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेडच्या 'टीम चेरी' या तीनचार जणांच्या चमूनं तो केला. पहिला भाग २०१७ चा. दुसऱ्याची घोषणा २०१९ ला झाली आणि आला ४ सप्टेंबर २०२५ ला! त्या दिवशी इंटरनेटवरची गेमची दुकानं गर्दीनं बंद पडली होती म्हणे.

नायिका आहे हॉर्नेट, कोळ्याच्या वंशातली. हत्यार काय, तर सुई आणि रेशमाचा धागा. मला तिथंच गंमत वाटली. किड्यांचं राज्य, आणि डोंगरावरच्या देवस्थानाकडे चढत निघालेले यात्रेकरू. आमच्या गावावरून शिर्डीला पायी जाणाऱ्या पालख्याच आठवल्या. पण या यात्रेकरूंची मती रेशमी धाग्यांनी फिरवलेली, ते आपल्याच अंगावर धावून येतात.

चलन म्हणजे जपमाळेचे मणी. मेलं की सुटे मणी तिथंच पडतात, आणि ते परत घ्यायच्या आत पुन्हा मेलं तर कायमचे गेले. पण थोडे मणी जास्त मोजून ते माळेत ओवून ठेवले, की सुरक्षित! म्हटलं, ही तर आपली भिशी झाली.

अवघड म्हणाल तर फार. सुरुवातीला पाच मुखवटे, म्हणजे पाच जीव. बरेच शत्रू एका फटक्यात दोन नेतात. काही ठिकाणी बाकावर टेकायलाही मणी मोजावे लागतात. हे मला मुळीच पटलं नाही, दमलेल्या माणसाकडून बसायचे पैसे? 'लास्ट जज' नावाच्या शत्रूपर्यंतची वाट इतकी वाईट, की प्रत्येक हारीनंतर ती पुन्हा तुडवायची. तो हरल्यावर फुटतो, आणि त्या स्फोटात सापडलं तर आपलाही जीव जाऊ शकतो. लोकांनी आरडाओरडा केल्यावर चमूनं काही दिवसांतच सुरुवातीचे दोन शत्रू जरा मवाळ केले आणि मणी थोडे वाढवले. पण 'सोपं' निवडायची सोय नाही ती नाहीच. ज्यांचे हात सावकाश चालतात, त्यांनी काय करायचं?

दुसरा भाग अवघड करायची खोड तशी जुनी. आपण टीव्हीला कॅसेट लावून खेळायचो तो मारिओ आठवतो ना? जपानात १९८६ ला त्याचा दुसरा भाग आला तो इतका कठीण होता, की अमेरिकेत त्या वेळी तो विकायलाच काढला नाही. तिथं पोचला थेट १९९३ ला.

एवढं असूनही मी याला चांगला गेम म्हणेन. शत्रू वार करण्याआधी खूण देतो, ती ओळखायला शिकलं की पुढे जाता येतं. नशिबावर फार थोडं आहे.

चौथ्या रात्री लास्ट जज हरला. लेक ओरडली नाही, नुसती पाठ टेकून बसली. मग म्हणाली, "आई, इथं हरलं तर कुणी मार्क विचारत नाही." मी काय बोलणार? निकालाच्या दिवशी पहिला प्रश्न मीच विचारला होता.

आता दुपारी भांडी आवरली की मी बसते. पहिलीच मोठी शत्रू, 'मॉस मदर'. काल अकरा वेळा मेले. लेक मागं उभी राहून सांगते, "घाई नको आई, तिला आधी येऊ दे अंगावर." तेवढ्यात कुकरची शिट्टी होते, आणि माझी हॉर्नेट पुन्हा बाकावर!