मावळा गुलाबी का दिसतो? मिनिएचरसाठी त्वचेचा रंग

मागच्या दिवाळीत पुण्याहून धर्माबादला येताना किल्ल्यासाठी प्लास्टरचे तीन इंची मावळे आणले, न रंगवलेले. पुतण्याला घेऊन बसलो. बाटलीवर लिहिलं होतं 'स्किन कलर', तोच लावला. पुतण्याने मावळ्याशेजारी स्वतःचा हात धरला आणि विचारलं, "काका, हा कोणाच्या स्किनचा कलर आहे?"

मला उत्तर देता आलं नाही. बाटलीतला रंग फिकट गुलाबी आणि आम्ही दोघंही सावळे. अमेरिकेत क्रेयोलाने १९६२ सालीच 'फ्लेश' खडूचं नाव बदलून 'पीच' केलं. आपल्याकडच्या बाटलीवर मात्र अजून तेच लेबल दिसतं. म्हणून रंग आपणच बनवायचा.

तीन रंग घ्या: बर्न्ट सिएना, यलो ऑकर आणि पांढरा. दोन थेंब सिएना, एक थेंब ऑकर, पांढरा अगदी टोकाएवढा. उजळ हवा असेल तर आधी ऑकर वाढवा. नुसता पांढरा ओतत गेलात तर चेहरा राख फासल्यासारखा दिसतो.

आता सावली. मूर्ती एवढी लहान, की डोळ्यांखाली, हनुवटीखाली खरी सावली पुरेशी पडतच नाही. ती रंगवावी लागते. इथे सगळे काळा रंग घेतात आणि चेहरा मळकट होतो. त्याऐवजी त्याच मिश्रणात थोडा अल्ट्रामरीन निळा घाला, गडद तपकिरी मिळेल. तो पाण्याने पातळ करून खाचांत सोडा. वाळल्यावर नाक, गालाची हाडं, कपाळ यांवर उजळ छटा द्या. नाकाच्या शेंड्याला आणि कानाला किंचित लाल दिलात तर माणूस जिवंत वाटतो, कारण तिथे रक्त कातडीच्या जवळ असतं.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. अ‍ॅक्रिलिकमधला चिकट द्रव ओला असताना दुधी असतो, वाळला की पारदर्शक होतो. त्यामुळे रंग वाळल्यावर थोडा गडद दिसतो. आधी कागदावर ठिपका देऊन वाळू द्या, मगच ठरवा. आणि आपल्या उन्हात रंग मिनिटांत सुकतो. ताटलीत ओला टिश्यू, त्यावर बटर पेपर, आणि रंग त्यावर ठेवा. बराच वेळ टिकतो. जाड एका थरापेक्षा पातळ तीन थर बरे, नाहीतर नाक-डोळे बुजतात.

नमुना शोधायला नेटवर जायची गरज नाही. धर्माबादच्या मिरची बाजारात सकाळी जा. पोतं उचलणाऱ्या माणसाचं कपाळ, मान आणि बाहीखालचा दंड बघा. एकाच अंगावर तीन रंग असतात. डोंगरात उन्हातान्हात फिरणारा मावळाही असाच रापलेला असणार ना!

पुतण्याने दुसरा मावळा स्वतःच्या हाताशी ताडून रंगवला. एक कान जरा जास्तच लाल झालाय, पण किल्ल्याच्या दारावर उभा तोच आहे. पुढच्या भागात डोळे. तोवर ब्रश धुऊन ठेवा!