रॉसच्या माळावरची मुलं

नांगरट झाली की शेतातले धोंडे आणि धसकटं वेचायची, हे आमच्याकडे पोरांचं काम. माझं बालपण सोलापूरकडच्या माळरानावर गेलं. उन्हात पाटी उचलून बांधावर ओतायची आणि परत फिरायचं. त्या वयात वाटायचं, देवानं जगातले सगळे धोंडे आपल्याच रानात टाकलेत.

पुढे वाचताना अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटा राज्यातलं रॉस नावाचं खेडं भेटलं. कॅनडाच्या सरहद्दीजवळचं, रेल्वेमार्गावरचं. तिथली मुलंही धोंडेच वेचत होती. हिमयुगात बर्फाच्या प्रचंड थरांनी ओढून आणलेले दगड त्या जमिनीत गाडलेले आहेत. हिवाळ्यात माती गोठते, वसंतात सुटते, आणि दर वर्षी नवे दगड वर ढकलले जातात. एकदा रान साफ केलं म्हणजे सुटलो, असं तिथं नाही. या मुलांपैकी काहींच्या घरी अरबी बोलत आणि नमाज पढत.

ही मंडळी तिथं पोचली कशी? अमेरिकेत १८६२ मध्ये एक कायदा झाला. सरकारी जमिनीचा १६० एकरांचा तुकडा निवडायचा, थोडी फी भरायची, घर बांधायचं, जमीन फोडायची आणि पाच वर्षं तिथंच राहायचं. १९१२ मध्ये ही मुदत तीन वर्षांवर आली. मुदत भरली की शेजारचे दोन साक्षीदार उभे करायचे आणि जमीन नावावर करून घ्यायची. त्या वेळी तुर्की साम्राज्यात असलेल्या आणि आज लेबनॉनमध्ये मोडणाऱ्या खेड्यांतून काही कुटुंबं अमेरिकेत आली होती. पाठीवर गाठोडं घेऊन दारोदार माल विकणारे फेरीवाले त्यांत पुष्कळ. हसन जुमा आणि त्याची बायको १९०२ मध्ये रॉसला आले, जमीन घेतली, आणि मागोमाग त्यांचे गाववाले आले.

'फुकट जमीन' हा शब्द मात्र जपून वापरायला हवा. ती जमीन रिकामी नव्हतीच. मंडान, हिदात्सा, अरिकारा अशा मूळ लोकांचा तो मुलूख. त्यांच्यासाठी राखून ठेवलेलं फोर्ट बर्थोल्ड हे क्षेत्र त्याच परिसरात दक्षिणेला आहे. एकाला घर मिळालं ते दुसऱ्याचं आकसून, हे विसरून ही गोष्ट सांगता येत नाही.

तिथलं बालपण कसं असेल? पहिलं घर म्हणजे बहुधा एकदोन खोल्यांची लाकडी खोपी. माळावर झाड नाही, म्हणून सरपण नाही. आमच्या आया गोवऱ्या थापायच्या. तिथले शेतकरी टेकडीच्या कुशीतून हलक्या प्रतीचा कोळसा खणून आणायचे. थंडी किती? त्याच काउंटीतल्या पार्शल गावी फेब्रुवारी १९३६ मध्ये पारा शून्याखाली ५१ अंशांवर गेला. आणि त्याच वर्षी जुलैत त्याच राज्यातल्या स्टील गावी ४९ अंशांचा उन्हाळा! एका वर्षात शंभर अंशांचा फरक सोसणाऱ्या मुलखात ही मुलं वाढली.

रमजानचं गणित तर आणखी अवघड. हिजरी वर्ष चंद्रावर चालतं, म्हणून रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. १९१२ आणि १९१३ मध्ये तो ऑगस्टात आला, म्हणजे ऐन गव्हाच्या कापणीत. १९१७ आणि १९१८ मध्ये जूनमध्ये आला. आमच्याकडे जूनचा दिवस तेरा तासांच्या आसपास. तिथं सोळा तासांचा. पहाट फुटल्यापासून मोजलं तर रोजा अठरा तासांच्याही वर जातो. लहान मुलांना रोजा सक्तीचा नसतो. पण सूर्य मावळायची वाट पाहणारे आईबाप तर त्यांना दिसतच असतील.

या सगळ्यावर आणखी एक टांगती तलवार होती. जमीन कायमची नावावर व्हायची तर नागरिकत्व हवं, आणि त्या काळच्या कायद्यानं आशियातून आलेल्याला ते मिळायचं नाही. मग सीरियाचा माणूस 'गोरा' धरायचा की नाही, यावर १९०९ पासून कोर्टांत वाद चालले. १९१५ मध्ये वरच्या कोर्टानं तो गोरा ठरवला. पाच-पाच वर्षं धोंडे उचललेल्या माणसांचं भवितव्य त्यांच्या कातडीच्या रंगावर अडलं होतं.

मुलं शाळेत गेली आणि इंग्रजी बोलू लागली. बापाचं नाव हसन, तर १९०३ मध्ये जन्मलेल्या मुलाचं चार्ल्स. नमाज आधी घराघरांत व्हायची. १९२९ मध्ये गावकऱ्यांनी मशीद बांधली. थंडीपासून बचावासाठी बुटकी, अर्धी जमिनीत. अमेरिकेत मशीद म्हणूनच बांधलेल्या अगदी पहिल्या इमारतींत तिची गणना होते. पण वेळ वाईट होती. लगेच तिसाच्या दशकातला दुष्काळ आला, माणसं पांगली. शेजारच्या घरांत लग्नं झाली, पुष्कळ जण ख्रिस्ती झाले. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस ती पडीक मशीद पाडली गेली.

हे वाचून मी बराच काळ उदास होतो. मी मराठीत कविता लिहितो, म्हणून 'तुमची भाषा कुठली?' हा प्रश्न मला आयुष्यभर विचारला गेला आहे. ज्या मातीत पाटी उचलली तिची भाषा माझी झाली, एवढंच माझं उत्तर. रॉसच्या मुलांचंही तसंच झालं. मग मला वाईट कशाचं वाटत होतं? याचं, की माझ्या वाट्याला दोन्ही आलं: घरातली अजानही आणि शेतातली मराठीही. त्या मुलांना एक मिळवताना दुसरं सोडावं लागलं. ती कमी पडली असं मी म्हणणार नाही. सोबत कमी पडली. माझ्या गावात मोहल्ला होता, उरूस होता, आणि त्या उरुसाला येणारे मराठी शेजारी होते. त्यांच्या माळावर दोन घरांमध्येच कोसाचं अंतर.

कब्रस्तान मात्र राहिलं. त्याच्या कमानीवर चांदतारा आहे. २००५ मध्ये त्याच जागी एक छोटी घुमटाची मशीद पुन्हा उभी राहिली, पूर्वजांची आठवण म्हणून. आजूबाजूला शेती आहे. दर वसंतात तिथल्या रानांत धोंडे वर येतात, आणि ते कुणाला तरी वेचावेच लागतात.