पुराची परिभाषा : कृष्णाकाठचा शब्दव्यवहार

'पूर' हा शब्द 'भरणे' या अर्थाच्या संस्कृत 'पॄ' धातूपासून आलेला आहे. म्हणजे त्याच्या मुळाशी नाशाची कल्पना नाही. कृष्णा-पंचगंगेच्या काठच्या शेतकरी समाजात हा मूळ अर्थ पुष्कळ अंशी टिकून राहिला. पुरानंतरच्या शासकीय व्यवहारात मात्र त्याची जागा निराळ्या परिभाषेने घेतली. या दोहोंतील अंतर केवळ भाषिक नव्हे. शेतकऱ्याच्या पदरात काय पडावयाचे, हेही काही प्रमाणात त्यावरच ठरते.

शिरोळ तालुक्यात नृसिंहवाडीपाशी पंचगंगा कृष्णेस मिळते. कृष्णेची पातळी वाढली म्हणजे पंचगंगेचे पाणी मागे अडते व सपाट रानांत शिरते. पाणी 'चढते', 'तुंबते', 'पसरते', 'ओसरते' ही क्रियापदे पाण्यास कर्ता मानून पुराच्या अवस्था क्रमाने सांगतात. नृसिंहवाडीच्या दत्तमंदिरात शिरलेले पाणी पादुकांवरून वाहत दक्षिणेकडील दाराने बाहेर पडले, की 'दक्षिणद्वार' झाले असे म्हणतात व भाविक त्या पाण्यात स्नान करतात. पुराच्या एका पायरीस येथे पर्वाचे नाव मिळाले आहे. उलट 'पूररेषा', 'पूरबाधित', 'पूरग्रस्त', 'पंचनामा' ही शासकीय नामे हद्द, क्षेत्र, व्यक्ती आणि हानी यांची नोंद करतात. पाण्याची गती त्यांत उरत नाही.

पाणी ओसरल्यावर मागे राहणाऱ्या थराविषयी हा भेद विशेष स्पष्ट होतो. काठच्या शेतकऱ्याच्या दृष्टीने तो थर 'मळी' होय. मळीचे रान म्हणजे कसदार रान. मदतीच्या निकषांत तोच थर 'गाळ' ठरतो, आणि त्याची जाडी ३ इंचांहून अधिक असेल तर जमिनीची हानी झाली असे मानले जाते. दोन्ही शब्द आपापल्या जागी खरे आहेत. पातळ थर जमिनीस पोसतो, जाड थर उभे पीक गाडतो.

२०१९ च्या ऑगस्टमधील महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेले. तेथील धोक्याची पातळी ४५ फूट आहे. अनेक रानांतील ऊस कित्येक दिवस पाण्याखाली राहिला. उसाच्या सुरळीत गढूळ पाणी साचले की शेंडा कुजतो व पुढे कांडीच्या डोळ्यांतून पांगशा फुटतात. तरीही पाणी ओसरल्यावर काही काळ तो ऊस उभाच दिसतो. शेतकरी त्यास 'गेलेला ऊस' म्हणतो. पंचनाम्यास मात्र टक्केवारी हवी असते, कारण पीकहानीच्या मदतीसाठी किमान ३३ टक्के नुकसान आवश्यक असते. 'उभे' आणि 'गेलेले' या दोन विशेषणांमध्ये एका वर्षाचे उत्पन्न अडकते.

यावरून बोलीतील शब्द अचूक आणि शासकीय शब्द सदोष, असा निष्कर्ष काढणे योग्य नव्हे. सर्वांस एकच माप लावावयाचे तर टक्केवारी व इंच यांवाचून गत्यंतर नाही. परंतु पाणी किती दिवस तुंबले, शेंडा बुडाला किंवा नाही, थर मळीचा की वाळूचा, हे भेद बोलीने पूर्वीच करून ठेवलेले आहेत. पंचनाम्याच्या तक्त्यात त्यांस स्थान मिळाले, तर नोंद अधिक खरी होईल. आपत्तीच्या काळी शब्दसंग्रह हाही पुराव्याचाच एक प्रकार असतो.